मुलांची पोटदुखी आणि अपेंडिक्स: निदान कसं होतं?

रमजानमध्ये पहिला रोजा ठेवलेल्या मुलाचं पोट दुखू लागलं की घरात दोनच कारणं निघतात: भूक, नाहीतर इफ्तारची भजी. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधी कधी ते अपेंडिक्स निघतं, आणि ओवा, हिंग, शेक यातच रात्र गेलेली असते.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटात उजवीकडे खाली, करंगळीसारखी एक नळी असते. तेच अपेंडिक्स. तिचं तोंड बंद झालं की ती सुजते. दुखणं आधी बेंबीभोवती असतं, मग काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. भूक मरते. उलटी बहुधा दुखणं सुरू झाल्यावर होते. ताप सुरुवातीला थोडाच असतो. मूल वाकून चालतं, रिक्षा खड्ड्यात आदळली की कळवळतं. म्हणूनच डॉक्टर त्याला खोकायला किंवा एका पायावर उडी मारायला सांगतात. हा खेळ नाही, तपासणी आहे.

निदान मुख्यतः डॉक्टरांच्या हाताने होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लघवी तपासतात. सोनोग्राफी आधी करतात, कारण तिच्यात क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅन शंका राहिली तरच. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मात्र समजू नका. अशा वेळी मुलाला दाखल करून काही तासांनी पुन्हा तपासतात. अब्बूंना वाटतं, उगाच बिल वाढवतात. पण ती दुसरी तपासणीच अनेकदा निकाल देते.

पाच वर्षांखालच्या मुलांना कुठे दुखतं ते सांगता येत नाही. ती फक्त रडतात, उलट्या करतात, पाय पोटाशी घेतात. त्यामुळे निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त असतं.

शरमेचाही मुद्दा आहे. वयात आलेल्या मुलीची पोटदुखी पाळीच्या नावावर घालू नका. अंडाशयाला पीळ पडला तरी असंच दुखतं. लेडी डॉक्टर मागा, अम्मीने सोबत थांबावं, पण त्यासाठी सकाळची वाट बघू नका. मुलगे अंडकोषाचं दुखणं लपवून ‘पोट दुखतंय’ म्हणतात. तिथे पीळ असेल तर काही तासांचाच अवकाश असतो. सरळ विचारा.

एरंडेल किंवा जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका. दुआ जरूर करा, पण दम केलेलं पाणीसुद्धा डॉक्टर बघेपर्यंत राहू द्या, कारण ऑपरेशन ठरलं तर भूल देताना पोट रिकामं लागतं.

आणि जोरात दुखणारं पोट एकाएकी थांबलं, तर दादी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतील. त्यानंतर ताप चढला, पोट कडक झालं, तर अपेंडिक्स फुटलं असू शकतं. १०८ ला फोन करा आणि सर्जन असलेल्या दवाखान्यातच न्या.