शिवजन्मतिथी : बखरीपासून शकावलीपर्यंत

शिवजयंतीच्या भाषणांत शिवाजी महाराजांची जन्मतिथी एकेकाळी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (इ. स. १६२७) अशी सांगितली जात असे. आधार बखरींचा होता. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे १३० वर्षांनी लिहिलेली. शिवाय उत्तरकालीन बखरी बऱ्याचदा जुन्या बखरींवर आणि ऐकीव माहितीवर उभ्या असतात. त्यामुळे चार बखरींत एकच तिथी आढळली तरी ते चार स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत.

बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना महत्त्व देण्याची शिस्त वि. का. राजवाडे यांनी घातली. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मुळशीतील भरे, पौड यांसारख्या गावांपासून भोरच्या रोहिड खोऱ्यापर्यंत पसरलेल्या मावळात देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरी जुनी दप्तरे होती. त्यांपैकी कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे शकांच्या क्रमाने केलेली घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाने ती प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद आहे.

एका कागदावर विसंबून निर्णय झाला नाही. गणिताने १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस येतो आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. तंजावरला सापडलेल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली. ते १९२७ मध्ये छापले गेले. जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहातील पत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. मावळ, तंजावर आणि राजस्थान येथली ही साधने एकमेकांवरून उतरवलेली नव्हती, म्हणून त्यांच्या एकमताला वजन आले.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. बेळगावात मात्र शिवजयंतीचा उत्सव परंपरेने वैशाखात होतो. उत्सव परंपरेने चालू शकतो. व्यासपीठावरून तारीख सांगणाऱ्याने मात्र साधन कोणाचे, केव्हाचे आणि स्वतंत्र आहे की नाही, हे आधी पाहावे.