रक्त (खाद्य)

रक्त (खाद्य) : कत्तलीच्या वेळी धरलेले व आहारात उपयोगी पडणारे प्राण्यांचे रक्त. महाराष्ट्रात बकऱ्याच्या रक्ताच्या पदार्थास रक्ती म्हणतात. खाटकाकडून आणलेले ताजे रक्त अल्पावधीत आपसूक थिजते. तो गोळा मिठाच्या पाण्यात उकडला म्हणजे काळसर विटकरी होतो व त्याच्या वड्या कापून कांदा, लसूण आणि तिखटावर परततात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सोरपोतेल या पदार्थात डुकराचे रक्त घालण्याची जुनी रीत आहे. फिनलंडातील तांपेरे शहराचे मुस्तामाक्कारा हे सॉसेज रक्ताचेच; पूर्व आफ्रिकेतील मसाई लोक जिवंत गुराच्या मानेची शीर टोचून काढलेले रक्त दुधासह पीत.

लोह : पोषणदृष्ट्या खरे महत्त्व या एका घटकाचे. हिमोग्लोबिनाच्या दर ग्रॅममागे सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते आणि शेळीच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारणतः ८ ते १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. या हिशेबाने तेवढ्या रक्तातून २७ ते ४१ मिलिग्रॅम लोह मिळते, तर लोहासाठी नावाजलेल्या यकृतातून, म्हणजे कलेजीतून, १०० ग्रॅममागे सहा-सात मिलिग्रॅमच पदरात पडते. शिवाय हे लोह ‘हीम’ या रेणूत बद्ध असल्याने आतड्याच्या पेशी तो रेणू अखंड आत घेतात व लोह तेथे मोकळे होते; सबब चहातील टॅनिन किंवा धान्यातील फायटेट त्याच्या वाटेत फारसे येत नाही, आणि त्याचे शोषण १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत होते, तर पालेभाज्यांतील लोहाचे बहुधा दहा टक्क्यांच्या आतच राहते. कॅल्शियम मात्र या लोहासही अडथळा करते. भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले असता, हा जिन्नस बहुतांशी गटारात जातो, ही बाब आहारशास्त्राने गंभीरपणे घेण्याजोगी आहे. चिलीत शालेय भोजनातून गुरांच्या हिमोग्लोबिनाचे सहा टक्के चूर्ण मिसळलेली बिस्किटे मुलांना देण्यात आली व त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढल्याची नोंद १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रथिने : प्रमाण सुमारे १७ टक्के. अमिनो आम्लांपैकी लायसिन विपुल, आयसोल्यूसिन अत्यल्प. ज्वारीत नेमकी लायसिनाची वाण असते. त्यामुळे रक्ती भाकरीबरोबर खाण्याच्या रिवाजात एकाची उणीव दुसरे भरून काढते.

जीवनसत्त्वे : क जीवनसत्त्व नगण्य.

धोके : रक्त लवकर नासते. व्हिएतनाममधील तिएत कान्ह हा कच्च्या रक्ताचा पदार्थ खाल्ल्याने डुकरांतील स्ट्रेप्टोकॉकस सुइस जंतूची बाधा होऊन मेंदूच्या आवरणाचा दाह झाल्याचे दाखले आहेत. आनुवंशिक लोहाधिक्य असलेल्यांनी रक्त वर्ज्य करावे.

निषेध व आचार : यहुदी व इस्लाम धर्मांत रक्तसेवन निषिद्ध. हिंदूंतील आचार जात व प्रांतपरत्वे भिन्न असल्याने सरसकट विधान करणे इष्ट नाही. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेचा तपशील शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात मिळतो.