काळ्या रेशमातली ओप्येन

मी आम्स्टरडॅमला कधी गेलेलो नाही. तरी त्या शहरातली एक बाई आता माझ्या ओळखीची झाली आहे. तिचे नाव ओप्येन कोप्पित. रेम्ब्राँ या थोर डच चित्रकाराने १६३४ साली तिचे चित्र काढले, तेव्हा ती २३ वर्षांची होती. रेम्ब्राँही तसा तरुणच, २८ वर्षांचा.

एका मित्राने वाचायला दिलेल्या चित्रांच्या जाडजूड पुस्तकात ती मला प्रथम भेटली. मूळ चित्र दोन मीटरांहून उंच आहे. म्हणजे ओप्येन त्यात जवळजवळ खऱ्या मापाची, डोक्यापासून पायापर्यंत उभी आहे. अंगावर काळे रेशीम, खांद्यावर पांढरी शुभ्र लेस, गळ्यात मोत्यांचा सर, हातात पिसांचा पंखा. दुसऱ्या हाताने घोळदार झगा किंचित उचलून ती पाऊल टाकते आहे. आपल्याकडे काळी साडी म्हटली की संक्रांतच आठवते. त्या काळच्या हॉलंडमध्ये मात्र खरा गडद काळा रंग महाग पडे. काळे कपडे घालणे हे श्रीमंतीचेच लक्षण होते.

शेजारच्या कॅनव्हासवर तिचा नवरा मार्टेन सोल्मन्स उभा आहे. १६३३ मध्ये त्यांचे लग्न झाले. तो हातमोजा पुढे करून उभा आहे. ही खूण लग्नाची, असे जाणकार सांगतात. पूर्ण उंचीची, माणसाच्या मापाची अशी जोडचित्रे रेम्ब्राँने आयुष्यात एकदाच काढली.

आता प्रश्न पडतो, एवढा पैसा आला कुठून? ओप्येन जुन्या धनिक घराण्यातली होती. आणि मार्टेनच्या वडिलांचा आम्स्टरडॅममध्ये साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. कच्ची साखर येई ब्राझीलहून, आणि तिथला ऊस पिकवत होते आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले गुलाम.

डच आपल्याला अगदीच परके नाहीत. १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. तिथून ते गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवत. दुसरी, वेस्ट इंडिया कंपनी १६२१ ची. तिने १६३० मध्ये ब्राझीलमधला पेर्नाम्बुको हा उसाचा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीजांशी असलेले एकच वैर या दोन्ही किनाऱ्यांवर चालू होते.

१६४१ मध्ये मार्टेन सोल्मन्स वारला. ओप्येनने १६४७ साली दुसरे लग्न केले. या नवऱ्याचे नावही मार्टेनच, मार्टेन दाय. हा गृहस्थ पूर्वी ब्राझीलमध्ये डच फौजेत अधिकारी होता. तिथे त्याने फ्रान्सिस्का नावाच्या एका आफ्रिकन स्त्रीला आपल्या घरात डांबून ठेवले, तिच्यावर बलात्कार केला. तिला मुलगी झाली. तिचे नाव एलुनाम. तिथल्या डच चर्चच्या दप्तरात या प्रकाराची नोंद झाली, म्हणून ही दोन नावे आपल्यापर्यंत पोचली. फ्रान्सिस्काचे चित्र कुणी काढले नाही.

पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ही जोडचित्रे वारसाने दाय घराण्याकडे गेली. त्यामुळे पुढे लोक समजू लागले, की चित्रातला पुरुष मार्टेन दायच आहे. ओप्येनचे तर नावच हरवले, तिला भलत्याच बाईचे नाव चिकटले. १८७७ मध्ये चित्रे रॉथशिल्ड या धनाढ्य कुटुंबाने घेतली, तरी चूक तशीच राहिली. अखेर १९५६ साली व्हान एघेन या अभिलेखतज्ज्ञ बाईंनी जुने कागद तपासून खरी नावे शोधून काढली. श्रीमंत बाईलासुद्धा स्वतःचे नाव परत मिळायला एवढी वर्षे लागली!

२०१६ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्स या दोन देशांनी मिळून ही जोडी १६ कोटी युरोंना विकत घेतली. आता ती कधी पॅरिसच्या लूव्हरमध्ये, तर कधी आम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये असते. दोघांना वेगळे करायचे नाही, असे ठरले आहे.

२०२१ मध्ये राइक्स म्युझियमने गुलामगिरीवर मोठे प्रदर्शन भरवले. दहा माणसांच्या दहा कथा. त्यांत एक कथा ओप्येनची होती, आणि तिच्याबरोबर फ्रान्सिस्का आणि एलुनाम यांचीही. ज्या चित्रावर कोट्यवधी खर्च झाले, त्याच्यामागचा पैसा कुठला, हे त्या देशाने स्वतःच्या सर्वांत मोठ्या संग्रहालयात, आपल्याच लोकांसमोर मांडले. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या पंतप्रधानांनी आणि २०२३ च्या १ जुलैला राजाने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. अशी माफी उशिराचीच. पण आपल्या घरातल्या सुंदर वस्तूकडे बोट दाखवून हिचा हिशेब असा आहे, असे सांगायला धैर्य लागते. आपण आपल्या वाड्यांचे, गढ्यांचे, हवेल्यांचे हिशेब असे मांडले आहेत का?

मला या सगळ्यात माझी नानी आठवते. तिचा एकही फोटो नाही. मशिदीच्या निकाहच्या वहीत तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि मेहेरची रक्कम, एवढी एक ओळ आहे. ती ओळ मी दोनदा जाऊन पाहून आलो. शाई फिकी झाली आहे, पण नाव वाचता येते. नानी कुणाची गुलाम नव्हती, तिचे दुःख वेगळे. पण कागदावरच्या एका ओळीची किंमत काय असते, ते मला त्या वहीने शिकवले.

ओप्येनचा काही दोष होता असे मी म्हणत नाही. ती मला आजही आवडते. तिचे रेशीम, तिची लेस, ते उचललेले पाऊल पाहत राहावेसे वाटते. तुम्हीही ते चित्र कुठे मिळाले तर जरूर पाहा. आणि पाहताना फ्रान्सिस्का आणि एलुनाम, ही दोन नावे एकदा मोठ्याने उच्चारा.