नावापुढच्या पदव्या आणि नोंदवहीतलं नाव

१४ एप्रिल जवळ आला की समाजमाध्यमांवर बाबासाहेबांचा एक परिचय फिरू लागतो. ३२ पदव्या, ६४ विषय, ९ भाषा, जगातले पहिल्या क्रमांकाचे विद्वान, रिझर्व्ह बँकेचे जनक. आमचे अनेक तरुण तो डोळे झाकून पुढे पाठवतात. हेच तरुण लिंक्डइनवर स्वतःचा परिचय लिहायला बसले की आडनाव लिहावं की नुसतं अक्षर टाकावं, इथे अडतात. एकीकडे आकड्यांची अतिशयोक्ती, दुसरीकडे स्वतःच्या नावाची धास्ती. या दोन्हींचं मूळ एकच आहे, असं आमचं मत आहे: आपण नुसतं खरं सांगितलं तर ते पुरणार नाही, ही भीती.

ही भीती खोटी नाही. ती कुठून आली, हे बाबासाहेबांच्याच १९१७ ते १९२६ या वर्षांत दिसतं. अर्थतज्ज्ञ आणि वकील म्हणून त्यांनी आपली ओळख उभी केली ती याच काळात.

१९१७ साली ते परदेशातून परतले तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची १९१५ ची एम.ए. त्यांच्याकडे होती, पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला होता, आणि भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त मे १९१७ मध्ये छापून आला होता. असा माणूस करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला आणि शहरात त्याला राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नसलेल्याला प्रवेश नव्हता. तिथल्या व्यवस्थापकाशी बोलणं झालं आणि नोंदवहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. दीड रुपया रोज. वटवाघळांच्या सोबतीला, अडगळीच्या सामानात, त्या खोट्या नावावर बाबासाहेब राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही आपापल्या सभ्य भाषेत नाही म्हटलं. बाकीचा वेळ बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

'गुणवत्ता असेल तर जात आडवी येत नाही' असं ऐकवणाऱ्यांनी त्यानंतरची मुंबईतली गोष्ट वाचावी. बडोदा सुटल्यावर बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामं केली आणि शेअर्सच्या गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. अर्थशास्त्रातला एवढा तयार माणूस त्या काळात मुंबईत किती जणांना मिळाला असता? गिऱ्हाईकं येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि यायची थांबली. सल्ला चुकीचा निघाला म्हणून नव्हे. सल्ला कालचाच होता, फक्त देणाऱ्याची जात आज कळली होती.

हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं, असं कुणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत. कुठे सवर्ण वाटणारं, कुठे दलित, कुठे मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीसाठी बोलावणी कमी आली. तेव्हा अर्ज टपालाने जात होते. आज प्रोफाइल पडद्यावर दिसतं, एवढाच फरक.

मग बाबासाहेबांनी काय केलं? दरवाजे बंद होते म्हणून त्यांनी नुसती तक्रार केली नाही, आणि स्वतःविषयी फुगवूनही सांगितलं नाही. जे कुणालाही काढून तपासता येईल, असं काम छापून ठेवत गेले. १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांचा लेख आला. शेतीचे तुकडे जोडले की प्रश्न सुटेल, असं तेव्हाचे पंडित म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा मांडला: जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, तेव्हा उपाय औद्योगिकीकरणात शोधा. त्याच नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर केलीच. वर्गात मात्र बाहेरच्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसू लागले.

जानेवारी १९१९ कडे आम्ही वाचकांचं खास लक्ष वेधतो. त्या महिन्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्वराज्याच्या प्रश्नावर त्यांचं पत्र आलं, सही होती 'एक महार'. आणि २७ जानेवारीला ते मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे स्वतःच्या नावाने साक्षीला उभे राहिले. बडोद्यात जे नाव दडवावं लागलं, तेच सव्वा वर्षाने पुराव्याचा भाग झालं. अस्पृश्यांचं दुःख अस्पृश्यच अधिकाराने मांडू शकतो, ही त्यांची भूमिका. आणि ती मांडणारा माणूस आकडे व कायदा जाणणारा आहे, हे समितीला दिसत होतं. जात लपवून पांडित्य दाखवायचं, की पांडित्य बाजूला ठेवून जातीचं रडगाणं गायचं, असे दोनच पर्याय प्रस्थापितांनी आपल्यापुढे ठेवले आहेत. बाबासाहेबांनी दोन्ही नाकारले.

'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. लंडनच्या परीक्षकांनी मार्च १९२३ मध्ये हा प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला. तो त्यांनी पुन्हा लिहून पाठवला, मान्य झाला आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. प्रस्तावना एडविन कॅनन या त्यांच्या प्राध्यापकांची. त्या प्रस्तावनेत कॅननने सरळ सांगितलंय की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत, पण त्यांत ताजेपणा आहे. आजचा कुणी आपल्या प्रोफाइलवर अशी शिफारस ठेवील? पटत नाही म्हणणारं पत्र काढून टाकेल आणि ओळखीच्यांची पाच गोड वाक्यं चिकटवेल. विरोधी मताचा जाणकारही ज्याचं वजन मान्य करतो, त्याची विश्वासार्हता पक्की, हे आम्ही कॅननच्या त्या दोन पानांवरून शिकलो.

डिसेंबर १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांची साक्ष झाली. इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, पुढे १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, हे खरं. पण 'बँकेचा आराखडा बाबासाहेबांच्या पुस्तकातला' असं म्हणणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नसतं. त्यात आहे तो रुपयाचा इतिहास, केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवरचा हल्ला, आणि सरकारच्या हातात चलन वाढवण्याची मनमानी राहिली तर किंमती चढून गरीब भरडला जातो, हा मुद्दा. हे काय कमी आहे? चौतिशीच्या आत केन्ससारख्याशी वाद घालणाऱ्या माणसाला आपल्या उसन्या आकड्यांची गरज काय? उलट एक आकडा खोटा निघाला की विरोधक बाकीचं सगळं खरं त्याच्याबरोबर कचऱ्यात टाकतो. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडांतला सहावा खंड हे पुस्तक घेऊन कधीचा पडून आहे.

वकिलीचंही असंच. १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला कामं देत नव्हते. नाव झालं ते खटल्यांनी. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून बागडे, जेधे, जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर पुण्यात खटला झाला, समोर ल. ब. भोपटकरांसारखे वकील, १९२६ मध्ये बाबासाहेबांनी तो जिंकून दिला.

राहिला आडनावाचा प्रश्न. ज्याला उद्या भाडं भरायचं आहे, त्याला शौर्याचे धडे द्यायला आम्ही बसलेलो नाही. बडोद्यात बाबासाहेबांनीही पारशी नाव घेतलंच होतं. पण ते आपल्याला माहीत आहे ते कुणा शत्रूने उघड केलं म्हणून नव्हे. त्यांनीच पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत धर्मशाळा, दीड रुपया, खोटं नाव आणि काठ्या, सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं.