दोन सूर्योदयांचा प्रवास

श्रोतेहो, एखाद्या गावाची वाट विचारली, तर आपल्याकडे कोणी कोस सांगतो, तर कोणी नुसतं "दिवस कलायच्या आत पोचाल" म्हणतो. कोस तेवढेच राहतात, वेळ मात्र बदलते. विमानांच्या इतिहासात याचं एक नामी उदाहरण आहे.

शिक्षकबंधूंनी शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थपासून श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळच्या कोग्गलापर्यंत दोरा ताणावा. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर भरतं. दोऱ्याखाली बहुतेक सारं निळं पाणीच दिसेल.

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारी हवाई वाट तुटली. १९४३ च्या मध्याला क्वांटास कंपनीनं ती या समुद्रावरून पुन्हा सांधली. विमानं कॅटलिना जातीची, पाण्यावर उतरणारी. पर्थची स्वान नदी आणि कोग्गलाचं सरोवर, हेच त्यांचे विमानतळ!

वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत इंधन घ्यायला थारा नाही. म्हणून विमानात जादा टाक्या बसवल्या. सुमारे ९,००० लिटर पेट्रोल भरलं की भार उरे तो तीन प्रवाशांचा आणि ६९ किलो टपालाचा. बाजाराच्या दिवशी आपल्या बैलगाडीत याहून जास्त माणसं बसतात. बरं, एंजिनं दोनच. पहिल्या काही तासांत त्यातलं एक बंद पडतं, तर एवढं ओझं दुसऱ्याला पेलवलं नसतं.

जपानी विमानांचा वावर असलेला टापू रात्रीच्या अंधारात ओलांडायचा, असा नेम होता. बिनतारी यंत्र जवळजवळ मुकं ठेवायचं आणि दिशा ताऱ्यांवरून काढायची. पाच विमानांची नावंसुद्धा ताऱ्यांचीच. अल्टेअर म्हणजे आपला श्रवण, व्हेगा म्हणजे अभिजित, स्पायका म्हणजे चित्रा आणि अंटारेस म्हणजे ज्येष्ठा. पाचवं रायगेल, मृग नक्षत्राच्या पायाशी चमकतो तो. प्रवासाला २७ ते ३३ तास लागत. वारा समोरून आला की वेळ वाढायची. एकाच प्रवासात दोनदा सूर्य उगवताना दिसे, आणि तसं प्रशस्तिपत्रही प्रवाशांना मिळे. १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावलं नाही.

त्याच पर्थहून मार्च २०१८ मध्ये लंडनला थेट विमान सुरू झालं. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर, म्हणजे कोग्गलाच्या अडीचपट, आणि वेळ सतरा तासांच्या आसपास. दोनशेहून अधिक माणसं त्यात बसतात.

श्रवण, अभिजित, चित्रा यांचं पुढं काय झालं? अमेरिकेकडून युद्धकाळातल्या करारानं आलेली ती विमानं होती. युद्ध संपलं, आणि करारापायी ती समुद्रात नेऊन बुडवण्यात आली.