उन्हाळी सुट्टीत धम्मलिपी शिका, जुन्नरची लेणी वाचा

मे महिना लागला की जुन्नर-आंबेगावच्या शाळा बंद होतात आणि जूनच्या मध्याला पुन्हा उघडतात. या दिवसांत कोणी कांदा काढायला रानात जाते, कोणी भीमाशंकरच्या पट्ट्यात घरच्यांबरोबर हिरडा गोळा करते. उरलेला वेळ मोबाइलवर जातो. शहरातली फी भरून होणारी शिबिरे बहुतेक घरांना परवडत नाहीत. आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी मात्र इथे बिनखर्चाचा एक चांगला अभ्यास आहे. धम्मलिपी, म्हणजेच ब्राह्मी लिपी शिकायची आणि आपल्याच डोंगरांतले शिलालेख स्वतः वाचायचे.

जुन्नरच का?

जुन्नर शहराभोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून 180 हून अधिक खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. त्यांतली बहुतेक बौद्ध असून इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. तिसऱ्या शतकापर्यंत खोदली गेली. त्यांत तीसहून अधिक शिलालेख आहेत. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ही लिपी उलगडली आणि 1881 मध्ये जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांमधील लेखांचा संग्रह छापला.

'ही लेणी आपली' असे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. ती कोणी दान दिली, असे विचारले तर मात्र बहुतेक जण गप्प होतात. उत्तर भिंतीवर कोरलेले आहे. लेण्याद्रीच्या लेणे क्र. 6 मधला लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान आहे. मानमोडीवर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा वर्ष 46 मधला लेख आहे. चंद नावाच्या यवनानेही इथे दान दिले. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणारे आणि कासारही लेखांत भेटतात. एका लेखात नगरातल्या भिक्खुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. राजांइतकीच कष्टकऱ्यांची नावे दगडावर टिकली, ही गोष्ट मुलांनी स्वतः वाचून समजून घेण्यासारखी आहे.

सहा आठवड्यांची आखणी

*पहिले दोन आठवडे : अक्षरे.* रोज अर्धा तास पुरे. अशोककालीन वळणापासून सुरुवात करा. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'ठ' म्हणजे वर्तुळ, त्यात टिंब दिले की 'थ', 'ब' म्हणजे चौकोन, 'न' म्हणजे उलटा टी. लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि मात्रा देवनागरीसारख्याच अक्षराला जोडतात. रोज आपले आणि घरच्यांचे नाव लिहा. नंतर सातवाहनकालीन वळणे बघा, कारण जुन्नरचे लेख त्या वळणाचे आहेत.

*तिसरा आठवडा : शब्द.* भाषा प्राकृत, म्हणजे मराठीची आजी. 'लेण' म्हणजे लेणे, 'पोढि' म्हणजे पाण्याचे टाके, 'चेतियघर' म्हणजे चैत्यगृह, 'देयधम' म्हणजे दान. शब्दाच्या शेवटी 'स' आला की बहुधा 'चा, ची, चे' समजावे. एवढ्यावर छोटे लेख उलगडू लागतात.

*चौथा आणि पाचवा : प्रत्यक्ष भेट.* पहिली भेट लेण्याद्रीला. जुन्नर एसटी स्थानकापासून ते साधारण पाच किलोमीटर आहे. आंबेगावच्या मुलांनी मंचर-नारायणगावमार्गे जुन्नर गाठावे. पुढची भेट मानमोडीला आणि तुळजा लेण्यांना. तुळजाचे गोल चैत्यगृह बारा अष्टकोनी खांबांवर उभे आहे. वहीत लेखाची नक्कल करा, खाली देवनागरी आणि त्याखाली अर्थ लिहा.

*सहावा : सांगणे.* शाळा उघडण्याआधीच्या रविवारी बुद्धविहारात प्रत्येकाने एकेक लेख फळ्यावर लिहून समजावून सांगावा.

काळजी

- सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी घ्या, दुपारच्या आत खाली या. हा बिबट्यांचा भाग आहे, त्यामुळे संध्याकाळी उसाच्या कडेने एकट्याने येऊ नका.
- लेण्यांत आग्यामोहोळे असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा.
- शिवनेरीच्या कड्यातली लेणी अवघड आहेत. मोठी माणसे सोबत असल्याशिवाय तिथे जाऊ नये.
- अक्षर दिसावे म्हणून खडू, कोळसा किंवा पाणी लावू नका. बाजूने टॉर्चचा तिरका उजेड पाडला की अक्षर उठून दिसते. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.
- लेण्याद्रीच्या लेणे क्र. 7 मध्ये गिरिजात्मज गणपतीचे देवस्थान आहे. तिथल्या भाविकांशी वाद घालू नका. कोणी विचारले तर शेजारच्या चैत्यगृहातला लेख वाचून दाखवा.

पुढे काय?

गोडी लागली तर पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली शिकता येते. पालकांना एकच विनंती आहे. शेतातल्या आणि घरातल्या कामातून मुलांना, विशेषतः मुलींना, रोज हा अर्धा तास हक्काने द्या. सुलसदत्ताचे नाव दोन हजार वर्षांच्या आसपास दगडावर आहे. ते वाचणारी मुले आपल्या गावात असायला हवीत.