एका पांढऱ्या गोळीचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आम्हां चंद्रपूरकरांच्या डोळ्यांपुढें गोंड राजांचा परकोट उभा राहतो. माझें तर उभें आयुष्य तोच परकोट मुलांना शिकविण्यांत गेलें. आज ज्या वस्तूचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें, ती मात्र बोटाच्या पेरावर मावेल एवढी आहे. टॅमॉक्सिफेन हें तिचें नांव.

ती आमच्या घरांत आली माझ्या थोरल्या बहिणीच्या दुखण्यानें. अक्कांच्या स्तनांत कर्करोगाची गांठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें पांच वर्षें रोज एक गोळी घ्यावी असें ठरलें. शिरेंतून द्यावयाच्या जहाल औषधांचा आम्हां सर्वांना धाक होता. त्यापुढें ही गोळी म्हणजे आम्हांला देवाची कृपाच वाटली. दुकानदारानें ती कागदांत गुंडाळून दिली. आंतलें माहितीपत्रक कांहीं आमच्यापर्यंत आलें नाहीं. अक्कांना गोळी गिळवत नसे, म्हणून आमची सून ती खलांत कुटून मधाबरोबर त्यांना चाटवी. सून त्या वेळीं चार महिन्यांची गरोदर होती. तीन आठवडे हें असें चाललें. तपासणीच्या दिवशीं बोलतां बोलतां ही गोष्ट सहज निघाली, तेव्हां डॉक्टरीणबाईंच्या हातांतली लेखणी थांबली. ‘गोळी कुटूं नका, आणि सूनबाईंना तिला हात लावूं देऊं नका,’ एवढेंच त्या म्हणाल्या. असें कां, याचें उत्तर शोधीत मीं जें वाचलें, तेंच आज सांगतों.

या कथेचा आरंभ गाईच्या गोठ्यांत होतो. कित्येक देशांतले शेतकरी गाय व्यायल्यावर तिचें दूध पुष्कळ दिवस टिकावें म्हणून तिचे बीजांडकोश काढून टाकीत, ही गोष्ट ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांच्या वाचनांत आली होती. बीजांडकोश कोठें आणि कांस कोठें! परंतु एकाचा हुकूम दुसरीस पोंचतो खरा, हें त्यांनीं ताडलें. १८९५ सालीं, जिचा स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेला होता अशा एका तरुण स्त्रीचे बीजांडकोश त्यांनीं काढले. गांठी विरल्या, आणि ती पुढें जवळजवळ चार वर्षें जगली. हा वृत्तान्त १८९६ मध्यें ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. या साप्ताहिकाचें नांव ध्यानांत असूं द्यावें; पुढें त्याच्याशीं आपलें काम आहे.

हा हुकूम वाहून नेणारा जो अंतःस्राव, त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. १९३८ सालीं लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनीं त्याच्यासारखेंच काम करणारें एक रसायन उजेडांत आणलें, तें स्टिल्बेस्ट्रॉल. त्याचे हक्क कोणीं राखून ठेवले नाहींत, म्हणून तें स्वस्त झालें व जगभर पसरलें. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं १९४१ मध्यें पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर या जातीच्या औषधांचा गुण दाखवून दिला. त्या कामाबद्दल १९६६ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. परंतु त्याच सुमारास एक विलक्षण गोष्ट दिसून आली. स्टिल्बेस्ट्रॉल तयार करणाऱ्या कारखान्यांतील पुरुष कामगारांचे स्तन वाढूं लागले. त्यांनीं औषधाचा कण तोंडांत घातला नव्हता. धूळच श्वासावाटें आणि कातडीवाटें अंगांत गेली होती.

याहून कठीण गोष्ट पुढची. गर्भपात टळावा म्हणून तें औषध हजारों गरोदर स्त्रियांना देण्यांत आलें. १९७१ सालीं बोस्टनच्या वैद्यांना कोवळ्या वयाच्या मुलींत योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग आढळला, आणि त्याचा माग काढतां काढतां ते त्या मुलींच्या आयांपर्यंत पोंचले. औषध आयांनीं घेतलें होतें. त्याचें देणें मुलींच्या वांट्यास आलें.

आमच्या खलाचें उत्तर मला येथें मिळालें. टॅमॉक्सिफेन म्हणजे स्टिल्बेस्ट्रॉल नव्हे. पण त्याच्या रेणूची घडण त्याच घराण्यांतली आहे. खलांतल्या एवढ्याशा धुळीनें अपाय झालाच असता असें कोणी म्हणत नाहीं. मात्र गर्भाला तें औषध घातक ठरूं शकतें, आणि म्हणून अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेनें तें हाताळण्यास धोक्याच्या औषधांत घातलें आहे. आमची नात सुखरूप जन्मली. पण तिच्या जन्मापर्यंतचे ते महिने घरांत कोणीं मोकळा श्वास घेतला नाहीं.

टॅमॉक्सिफेनचा जन्म १९६२ चा. इंग्लंडांत चेशायरमधील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत डोरा रिचर्डसन या विदुषीनें तें तयार केलें. आर्थर वॉलपोल यांना हवें होतें संततिनियमनाचें औषध. उंदरांत तें छान ठरलें. स्त्रियांत उलट बीज सुटण्यास त्यानें मदतच केली! (जें वॉलपोल यांना साधलें नाहीं तें याच जातीच्या दुसऱ्या औषधानें लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें साधलें. १९९१ पासून ‘सहेली’ या नांवानें मिळणारी आठवड्याची गोळी ती हीच.) टाकून देण्याजोगें ठरलेलें तें औषध मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयांत मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्तनाच्या असाध्य कर्करोगावर देऊन पाहिलें. १९७१ सालीं त्यांनीं लिहिलें कीं, ४६ रुग्णांपैकीं १० जणींस चांगला गुण आला. १९७३ त ब्रिटननें व १९७७ त अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. ज्यांच्या गांठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात अशा स्त्रियांनीं हें औषध पांच वर्षें घेतल्यास त्या रोगानें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी होतात, हें पुढें अनेक देशांतील प्रयोगांवरून ठरलें. सुई नको, रुग्णशय्या नको. भामरागड-सिरोंच्याकडील बाईला याहून सोयीचें औषध कोणतें?

आणि येथेंच खरी अडचण आहे. स्तनांत हें औषध इस्ट्रोजेनच्या कुलपांत भलती किल्ली अडकवून ठेवावी तसें वागतें. गर्भाशयांत मात्र तीच किल्ली थोडी फिरते. आंतलें अस्तर वाढतें. २१ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्यें स्टॉकहोमच्या वैद्यांनीं आपला हिशेब मांडला. पाळी गेलेल्या १८४६ स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांना त्यांनीं हें औषध रोज ४० मिलिग्रॅम दिलें होतें. आज नेहमीची मात्रा २० ची आहे. औषध घेणाऱ्यांत १३ जणींस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला, न घेणाऱ्यांत दोघींस. १९९६ त जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें हें औषध कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गांत घातलें, आणि त्याच वेळीं तें दुसऱ्या स्तनांतील कर्करोग टाळतें हेंही नमूद केलें. दोन्ही विधानें खरीं आहेत. अस्तराचा हा रोग विरळा, आणि वेळीं कळला तर बहुधा बरा होणारा. कळतो कशानें? पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाऊं लागतें त्यानें. म्हणजे बाईनें तें सांगितलें पाहिजे.

आतां त्याच साप्ताहिकाचा आठच दिवस आधींचा, १४ जानेवारी १९८९ चा अंक उघडावा. त्यांत आपल्या गडचिरोलीचा लेख आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या जिल्ह्यांतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. शेंकडा ९२ जणींस कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्यापूर्वीं अशी तपासणी शेंकडा ८ जणींचीच झालेली होती. त्या लेखांत टॅमॉक्सिफेनचा शब्दही नाहीं, आणि स्वीडनच्या लेखांत गडचिरोलीचा असण्याचें कारण नाहीं. पण हे दोन अंक शेजारीं ठेवून मी किती तरी वेळ बसलों होतों. एक म्हणतो, रक्त दिसतांच बोला. दुसऱ्यावरून दिसतें कीं, आमच्याकडील बाया वर्षानुवर्षें दुखणें अंगावर काढतात.

खेड्यांतल्याच कशाला? आमच्या अक्का शिकलेल्या, शहरांत राहणाऱ्या. पाळी जाऊन वीस वर्षें झालेली. तिसऱ्या वर्षीं त्यांच्या अंगावरून थोडें थोडें जाऊं लागलें, आणि चार महिने त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. ‘या वयांत हें काय सांगायचें, आणि तुला कसें सांगूं रे?’ असें त्या मला मागाहून म्हणाल्या. कळलें तें सुनेला, धुण्याच्या कपड्यांवरून. तपासणींत अस्तर जाड झालेलें निघालें, कर्करोग नव्हता. डॉक्टरीणबाईंनीं ही गोळी बंद करून पाळी गेलेल्या स्त्रियांना देतात ती दुसऱ्या जातीची चालू केली. त्या वेळीं त्यांनीं पोटरी सुजते का, छातींत कळ येऊन धाप लागते का, असेंही विचारलें; कारण या औषधानें शिरांत रक्ताच्या गुठळ्याही होतात. दृष्टि अंधुक होणें हेंही सांगण्याजोगें. मनाच्या उदासीनतेवरचीं पॅरॉक्सेटिनसारखीं कांहीं औषधें हिचा गुण कमी करतात, तीं डॉक्टरांस दाखवावींत. तरुण स्त्रीनें या काळांत, आणि गोळी सुटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने, गर्भ राहूं देऊं नये. स्वतःच्या मनानें गोळी सोडणें मात्र या सर्वांहून वाईट.

ठेवण्याविषयीं थोडें. गोळी सबंध गिळावी. गिळवत नसेल तर डॉक्टरांस विचारावें, खल काढूं नये. दुसऱ्यानें द्यावयाची झाल्यास हातमोजा घालावा, नंतर हात धुवावे. पाकिटावर ३० अंशांच्या आंत ठेवण्यास सांगितलेलें असतें, आणि आमच्या चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४६ च्या वर जातो. थंड म्हणून कोणी ती माठाजवळ ठेवतात. तेथें ओल लागते. आंतल्या खोलींतलें, उन्हाची तिरीप न येणारें कपाट बरें, आणि तेंही मुलांच्या हाताला न लागणारें.

अक्कांच्या राहिलेल्या तीन पट्ट्या सून मोरींत ओतावयास निघाली होती. मीं त्या मागून घेतल्या आणि पुढच्या खेपेस रुग्णालयाच्या औषधखिडकींत परत दिल्या. तेथील मुलीनें हातमोजे चढवून त्या घेतल्या.